कीस

सव्वाशे भुट्टे होते. मी मोजले नव्हते,
शेवंतावन्संनी मोजले, कारण पैसे त्यांचे.
नातवाचं बारसं, रामबागेतला हॉल सकाळी दहाचा,
आणि आचाऱ्याचा कीस म्हणे मशीनचा, त्याला दूध सुटत नाही.
म्हणून मी.
पाट बोचत होता, तो सरकवला
आणि उकिडवी बसले परातीसमोर.
नऊला बसले. मध्ये एकदा चहा, तोही तसाच.
सराफ्यातून परतणारी पोरं गल्लीतून गेली तेव्हा दीड.

उजवा पाय झोपला होता. झोपू दे म्हटलं,
घरात कुणीतरी झोपावं.

सकाळी सगळे उठले, तो उठला नाही.
म्हणजे उभी राहिले, वजन पेललं, दुखत काही नव्हतं,
फक्त पाऊल वर येईना.
अंगठ्याला सांगितलं, वर हो.
मास्तरांनी नाव पुकारल्यावर
मागच्या बाकावरचा दत्तू बसायचा, आपण नव्हेच असा,
तसा अंगठा.

हॉलमध्ये जरीची साडी सावरत, गुडघा उंच उचलत हिंडले,
सपाट फरशीवर उंबरे ओलांडत.
टाच टेकण्याआधी पाऊल आपटायचं: चट. चट.
पाळण्यातलं पोर दर वेळी दचकलं.
कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं नजर.
वन्सं म्हणाल्या, कीस मात्र झकास झालाय.

एमवायमधली डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची.
तिनं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बोट ठेवलं.
इथे बारीक हाडाची मान आहे, म्हणाली,
तिला वळसा घालून एक नस जाते,
वर ना मांस ना चरबी, नुसतं कातडं.
साडेचार तास तुम्ही तिला दाबून बसलात.
नस म्हणजे रक्ताची का?
नाही. निरोपाची.

ती चित्र काढू लागली: दोरात दोऱ्या, दोऱ्यांत धागे,
प्रत्येकाला आपापली खोळ.
म्हटलं, राहू दे बाई, कळलं,
सव्वाशे सोललेत मी.
हिरव्या पानांआत रेशीम असतं,
एकेक केस एकेका दाण्याला जाऊन भिडलेला.
ज्याचा केस चुकला
तो दाणा भरत नाही, ओळीत खड्डा राहतो.
तिनं पेन खाली ठेवलं.

मग विजेचे झटके.
मानेच्या खालून दिला की पाऊल टाणकन उडायचं,
माझं न ऐकणारं, तिच्या बटणाला लगेच सलाम.
वरून दिला की नुसती चुळबुळ.
तुटलेली नाही, म्हणाली, चेपलीय.
आतले काही धागे गेले असतील, ते पुन्हा वाढतील,
रोज साधारण एक मिलिमीटर.
घरी येऊन डब्यातून राजगिऱ्याचा एक दाणा काढला.
एवढं. दिवसाला.

प्लॅस्टिकचा साचा पायात, उकिडवं बसायचं नाही,
मांडी नाही, पायावर पाय नाही.
दिवाळीनंतर एका रात्री हट्टानं साचा काढून सराफ्यात गेले
आणि चप्पल गेली.
पावलाचा वरचा भाग गप्प, त्याला पट्टा होता काय, नव्हता काय.
तळव्याची नस मात्र दुसरी, दुसऱ्या वाटेनं येणारी.
तिनं कळवलं: फरशी गार आहे, ओली आहे,
कुणाची तरी रबडी सांडली आहे.
मागून एक पोरगा धावत आला, काकीजी, चप्पल!
मी तिथंच उभी, एका पायावर हसत.
एकाच पावलाची दोन घरं, आणि बोलणं बंद.

काल खुर्चीवर बसून मेथी निवडत होते.
अंगठा हलला. मी सांगितलं नव्हतं.
मग सांगून पाहिलं.
जरा उशिरा, पण हलला.
चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
अजून कुणाला बोलले नाही.
वन्संना कळलं तर म्हणतील, बरं झालं गं बाई,
पुढच्या महिन्यात उष्टावण आहे.